यादीतून नाव कसे गळाले?

आमच्या विहारात दर रविवारी अभ्यासवर्ग भरतो. तेथील मुलांच्या शिष्यवृत्ती अर्जांची यादी करण्यासाठी आम्ही लिनक्स संगणकावर पायथन भाषेत एक छोटा प्रोग्राम लिहिला. नावांची फाइल त्याला वाचायला दिली आणि तयार यादी दुसऱ्या फाइलीत घेतली. यादी भिंतीवर लागली तेव्हा आठवीतली एक मुलगी म्हणाली, "काका, माझे कागद पूर्ण आहेत. मग माझे नाव कोठे?" आम्ही खजील झालो.

आज आपली अनेक मुले संगणक शिकत आहेत, म्हणून आमची चूक सांगतो.

प्रोग्राम सुरू होताच त्याला तीन क्रमांक मिळतात. त्यांना फाइल डिस्क्रिप्टर म्हणतात. ० म्हणजे आवक, १ म्हणजे जावक, २ म्हणजे चुकांची सूचना. पुढे नवी फाइल उघडली की सर्वांत लहान मोकळा क्रमांक तिला मिळतो. एरवी हे तिन्ही क्रमांक टर्मिनलला, म्हणजे आपल्या कीबोर्ड-पडद्याला जोडलेले असतात. पण ० ला फाइल जोडली, तर प्रोग्राम माणसाऐवजी फाइलीचे ऐकतो.

ज्याच्या दाखल्याचा क्रमांक कोरा होता, त्याच्याबाबत आमचा प्रोग्राम 'इनपुट'ने विचारी, "दाखला आणला का?" हा प्रश्न १ मधून यादीच्या फाइलीत गेला. पडद्यावर काहीच दिसले नाही. उत्तर ० मधून आले, म्हणजे पुढच्या ओळीतल्या मुलीचे नावच उत्तर म्हणून वाचले गेले! ते 'हो' नव्हते, म्हणून आधीचा मुलगाही वगळला गेला. यादीत ते प्रश्नाचे वाक्य आम्ही पाहिले होते. कारण न शोधता ते खोडून टाकले, हा खरा दोष आमचा.

उपाय सोपा आहे. समोर माणूस आहे की फाइल, हे 'इझ-ए-टीटीवाय'ने आधी तपासावे. प्रश्न माणसालाच विचारायचा असेल, तर '/डेव्ह/टीटीवाय' हे टर्मिनलचे उपकरण वाचण्यासाठी एकदा व लिहिण्यासाठी एकदा, असे वेगळे उघडावे. मग ० व १ ला फाइली जोडलेल्या असल्या तरी संवाद माणसाशीच होतो. शेवटी आलेली नावे, घेतलेली नावे आणि वगळलेली नावे यांचा मेळ घालावा.

मुदतीचे दोन दिवस शिल्लक होते, म्हणून निभावले. ती मुलगी गप्प राहिली असती तर दोघांचे वर्ष गेले असते. यंत्राने दिलेल्या यादीलाही जाब विचारायचा असतो, ही सवय मुलांना घरातूनच लावा.