विदेशातील सदनिका आणि गावचा सातबारा

गंगाखेड तालुक्यातील राणीसावरगाव हे बालाघाटाच्या परिसरातील गाव रेणुकादेवीच्या मंदिरामुळे ओळखले जाते. येथे जमिनीचा व्यवहार ठरतो तेव्हा घेणाऱ्याला विकणाऱ्याचे घराणे ठाऊक असते. चतुःसीमा डोळ्यांखालच्या असतात. सातबारा पाहून इसार दिला जातो आणि यथावकाश खरेदीखताची नोंदणी होते. अशाच गावांतील मुले शिक्षणासाठी पुण्या-मुंबईस गेली आणि तेथून दुबई, टोरांटोपर्यंत पोहोचली. आता विदेशात एखादी सदनिका घ्यावी, असा विचार घरोघरी होऊ लागला आहे. मात्र तेथे खरेदीदार हा परकीय असतो, ही गोष्ट उत्साहाच्या भरात विसरली जाते.

उदाहरणादाखल एक कुटुंब डोळ्यांसमोर आणावे. वडील गावी दुकान व शेती सांभाळतात, मुलगा दुबईत नोकरीस आहे आणि कन्येने कॅनडाचे नागरिकत्व घेतले आहे. वडिलांना दुबईत सदनिका घ्यावयाची आहे. कन्येला माहेरच्या शेताला लागून असलेली जमीन हवी आहे. दोन्ही इच्छा साध्या वाटतात, पण त्यांचे नियम अगदी निराळे आहेत.

प्रथम वडिलांचा विचार करू. परकीयाने काय घ्यावे हे प्रत्येक देश स्वतः ठरवितो. दुबईत विदेशी व्यक्तीला ठरवून दिलेल्या भागांतच पूर्ण मालकी मिळते आणि हस्तांतरणाचे शुल्क किमतीच्या ४ टक्के असते. थायलंडमध्ये परकीयाला सामान्यतः जमीन घेता येत नाही. सदनिका घेता येते, पण एका इमारतीतील ४९ टक्के क्षेत्रापर्यंतच. सिंगापूरने एप्रिल २०२३ पासून परकीय खरेदीदारावरील अतिरिक्त मुद्रांक शुल्क ६० टक्के केले. कॅनडाने १ जानेवारी २०२३ पासून बहुतांश परकीयांना निवासी घरे घेण्यास मनाई केली आणि पुढे तिची मुदत १ जानेवारी २०२७ पर्यंत वाढविली.

यानंतर आपल्या देशाचा नियम येतो. रिझर्व्ह बँकेच्या उदारीकृत प्रेषण योजनेनुसार निवासी व्यक्तीला एका आर्थिक वर्षात २,५०,००० डॉलरपर्यंत रक्कम बाहेर पाठविता येते. योजना २००४ मध्ये २५,००० डॉलरपासून सुरू झाली. ऑगस्ट २०१३ मध्ये रुपया घसरला तेव्हा मर्यादा २ लाखांवरून ७५,००० डॉलरवर आणली गेली आणि काही काळ विदेशी स्थावर खरेदीस मनाईही झाली. दीर्घ मुदतीच्या हप्त्यांवर घर घेणाऱ्याने हा इतिहास ध्यानात ठेवावा. हप्ते चालू असताना नियम बदलू शकतात. शिवाय अशा खरेदीसाठी रक्कम पाठविण्यास भारतातील बँकेने कर्ज द्यावे, हे या योजनेला मान्य नाही.

एका वर्षात १० लाख रुपयांहून अधिक रक्कम या कारणासाठी पाठविल्यास वरील रकमेवर बँक २० टक्के कर गोळा करते. एका व्यक्तीने ६० लाख पाठविले तर ५० लाखांवर १० लाख रुपये वेगळे द्यावे लागतात. विवरणपत्रात ते वळते होतात अथवा परत मिळतात, पण तोवर अडकून पडतात. सदनिकेचा भाव ठरविताना ही रक्कम हाताशी हवी.

‘बँकेचे सोपस्कार कशाला, तिकडे परस्पर पैसे पोचते करू’, असे सुचविणारे मध्यस्थ भेटतात. तेथेच खरा धोका आहे. परकीय चलन व्यवस्थापन कायद्याच्या कलम ३७अ नुसार, नियम मोडून विदेशात मालमत्ता घेतल्याचा संशय असल्यास तेवढ्या मूल्याची भारतातील मालमत्ता जप्त करता येते. दुबईच्या सदनिकेपायी राणीसावरगावचे शेत गोत्यात येऊ शकते. घेतलेले घर विवरणपत्राच्या विदेशी मालमत्तेच्या तक्त्यात दाखविणेही आवश्यक आहे. ते न दाखविल्यास २०१५ च्या काळा पैसा कायद्याखाली १० लाख रुपयांचा दंड होऊ शकतो.

आता कन्येचा प्रश्न. कॅनडाचे नागरिकत्व घेताच तिचे भारतीय नागरिकत्व संपले. ओसीआय कार्ड असल्याने परभणीत घर किंवा दुकान तिला घेता येईल. शेतजमीन, फार्महाऊस आणि मळ्याची जमीन मात्र विकत घेता येणार नाही. वडिलांनी हयातीत शेताचे बक्षीसपत्र करून दिले तरी ते नियमात बसत नाही. त्यांच्या पश्चात वारसाहक्काने आलेले शेत ती ठेवू शकते. पुढे विकावयाचे झाल्यास ते भारतात राहणाऱ्या भारतीय नागरिकासच विकावे लागते. मराठवाड्यात १९५० चा हैदराबाद कुळवहिवाट व शेतजमीन अधिनियमही लागू असल्याने घेणारा शेतकरी आहे की नाही, हेही पाहिले जाते.

अशा वेळी ‘पैसे बहिणीचे, नाव चुलतभावाचे’ ही वाट मोहात पाडते. तो बेनामी व्यवहार ठरतो. जमीन सरकारजमा होऊ शकते आणि १ ते ७ वर्षांच्या कारावासाची तरतूद आहे. नात्यातील विश्वास कितीही दृढ असला तरी कायद्यापुढे तो पुरावा होत नाही.

म्हणून इसार देण्यापूर्वी तीन गोष्टींची खात्री करावी. त्या देशात परकीयाला नेमकी कोणती मालकी मिळते? पैसा कोणाच्या खात्यातून, कोणत्या कारणासाठी जाणार? मालकाच्या पश्चात ती मालमत्ता कोणाकडे आणि कोणत्या कायद्याने जाईल? बँकेत दिलेला अर्ज, रक्कम पोहोचल्याचा संदेश, तेथील खरेदीखत आणि दरवर्षीचे विवरणपत्र सातबाऱ्याच्याच दप्तरात ठेवावे. वडिलांनंतर ते दप्तर मुलगा व कन्या उघडतील, तेव्हा व्यवहाराचा सर्व उलगडा त्यांना त्या कागदांवरूनच व्हावयास हवा.