डोळ्यांचे थेंब आणि दम्याचा पंप: दोन्ही एकत्र चालतात का?

मध्य प्रदेशाच्या सीमेवरील बुऱ्हाणपूर हे तापीकाठचे यंत्रमागांचे शहर. कापूस आणि सूत यांवर येथील हजारो कुटुंबांचा चरितार्थ चालतो. मागाभोवतीच्या हवेत कापसाचे बारीक तंतू तरंगत असतात, उन्हाळ्यात पारा चाळीस अंशांच्या पुढे जातो, कोरडा वारा धूळ उडवतो आणि रस्त्याच्या कडेला गाजरगवत माजलेले असते. अशा हवेत डोळ्यांची खाज आणि दमा या दोन्ही तक्रारी एकाच घरात, पुष्कळदा एकाच माणसात आढळाव्यात, यात नवल नाही. मग प्रश्न उभा राहतो : दम्याचा पंप चालू असताना डोळ्यांत ॲलर्जीचे थेंब घातले तर चालतात का?

बहुतेक वेळा चालतात, हे त्याचे थोडक्यात उत्तर. मात्र या उत्तराला काही अपवाद आहेत आणि त्यांतील एक जिवावर बेतू शकतो.

डोळ्यांत घातलेले औषध डोळ्यांतच राहते, हा समज बरोबर नाही. पापणीच्या आतल्या कोपऱ्यात एक सूक्ष्म छिद्र असते. तेथून अश्रुनलिकेवाटे थेंबाचा मोठा भाग नाकात उतरतो. थेंब घातल्यावर घशाला कडवट चव लागते ती याचमुळे. नाकाच्या अस्तरातून हे औषध थेट रक्तात मिसळते. गिळलेल्या गोळीतील औषधाचा काही अंश यकृत आधीच निष्प्रभ करते. नाकावाटे शोषलेल्या औषधाच्या मार्गात ही चाळणी येत नाही. म्हणून मात्रा अल्प असूनही थेंबाचा परिणाम हृदयावर आणि फुफ्फुसांवर होऊ शकतो.

ॲलर्जीसाठी सर्रास दिले जाणारे ओलोपॅटाडिन, केटोटिफेन, ॲझेलास्टिन किंवा सोडियम क्रोमोग्लायकेट यांचे थेंब दम्याच्या पंपाबरोबर सामान्यतः सुरक्षित मानले जातात. क्रोमोग्लायकेटची कथा तर बोलकी आहे. ब्रिटनमधील डॉक्टर रॉजर अल्टूनयान स्वतः दम्याचे रुग्ण होते. १९६० च्या दशकात त्यांनी स्वतःवर प्रयोग करून हे औषध दम्यासाठी विकसित केले. पुढे तेच डोळ्यांच्या ॲलर्जीवरही वापरात आले. डोळे आणि श्वासनलिका यांच्या अस्तरांत ॲलर्जीची प्रक्रिया एकाच प्रकारच्या पेशींतून सुरू होते, हे त्यामागचे कारण.

आता अपवाद पाहू. पहिला आणि सर्वांत गंभीर अपवाद ॲलर्जीच्या थेंबांचा नाही. तो काचबिंदूवरील टिमोलॉल या थेंबांचा आहे. पंपातील साल्ब्युटामॉल श्वासनलिकेतील ज्या बीटा ग्राहकांना चेतवून ती रुंद करते, नेमके तेच ग्राहक टिमोलॉल बंद करते. अर्धा टक्का तीव्रतेच्या एका थेंबात जेमतेम पाव मिलिग्रॅम औषध असते. पण दम्याच्या रुग्णाच्या श्वासनलिका आवळण्यास तेवढेही पुरेसे ठरू शकते. अशा वेळी नेहमीच्या पंपाचाही हवा तसा गुण येत नाही. टिमोलॉलच्या थेंबांनंतर दम्याच्या रुग्णांचे मृत्यू झाल्याच्या नोंदी वैद्यकीय साहित्यात आहेत. घरातील आजोबांच्या काचबिंदूची बाटली आणि नातवाच्या खाजेची बाटली दिसायला सारखीच असते. म्हणून 'डोळ्यांचेच तर औषध आहे' असे म्हणत दुसऱ्याची बाटली कधीही वापरू नये. मात्र ज्याला काचबिंदू आणि दमा दोन्ही आहेत, त्याने थेंब परस्पर बंदही करू नयेत. काचबिंदूने गेलेली दृष्टी परत येत नाही. लॅटानोप्रोस्टसारखे पर्याय उपलब्ध आहेत. बदल डॉक्टरांनी करावा.

दुसरा अपवाद स्टेरॉइडच्या थेंबांचा. डेक्सामेथासोन किंवा प्रेडनिसोलोनच्या थेंबांनी लाली आणि खाज झपाट्याने ओसरते आणि हाच त्यांचा मोह आहे. उष्ण, कोरड्या प्रदेशांत मुलांना, विशेषतः मुलग्यांना, दरवर्षी उन्हाळ्यात डोळ्यांची तीव्र ॲलर्जी होते. जुनी चिठ्ठी दाखवून तेच थेंब महिनोन् महिने घातले जातात. स्टेरॉइडचे थेंब काही आठवडे सतत वापरल्यास साधारण तिघांपैकी एकाच्या डोळ्यातील दाब वाढतो. त्यातून काचबिंदू आणि मोतीबिंदू होण्याचा धोका असतो. दम्याच्या अनेक पंपांतही ब्युडेसोनाइड किंवा फ्लुटिकासोन हे स्टेरॉइड असते. दोन्ही औषधे परस्परांचा गुण मारत नाहीत. पण शरीरातील स्टेरॉइडचा एकूण भार वाढवतात. म्हणून नियमित पंप घेणाऱ्याने स्टेरॉइडचे थेंब डॉक्टरांनी सांगितले तितकेच दिवस घालावेत आणि डोळ्यांचा दाब मोजून घ्यावा. पंप मात्र थांबवू नये. त्यामुळे दम्याचा झटका येण्याचा धोका अधिक मोठा आहे.

तिसरा अपवाद लाली घालवणाऱ्या थेंबांचा. त्यांतील नॅफॅझोलिन रक्तवाहिन्या आकुंचित करते. साल्ब्युटामॉलने आधीच छातीत धडधड होत असेल किंवा रक्तदाब, हृदयविकार असेल, तर या भराने त्रास वाढू शकतो. शिवाय काही दिवस सतत वापरल्यास लाली उलट वाढते. चौथा अपवाद किटोरोलॅकसारख्या वेदनाशामक थेंबांचा. ॲस्पिरिनने ज्यांना धाप लागते, त्यांनी ते डॉक्टरांना विचारल्याशिवाय घालू नयेत.

धोका उलट दिशेनेही संभवतो. इप्राट्रोपियमचा पंप किंवा नेब्युलायझरची वाफ डोळ्यांत गेल्यास बाहुली विस्फारते. डोळ्याचा कोन अरुंद असलेल्यांना त्यातून अचानक काचबिंदूचा झटका येऊ शकतो. मुखवटा चेहऱ्यावर घट्ट बसलेला असावा; शक्य असल्यास तोंडात धरायची नळी वापरावी. वाफ घेतल्यानंतर डोळा दुखून दिवे इंद्रधनुष्यी वलयांसह दिसू लागले, तर त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञ गाठावा.

थेंब घालण्याची रीतही महत्त्वाची आहे. एका वेळी एकच थेंब घालावा. मग डोळा मिटून नाकाजवळचा कोपरा बोटाने दोन मिनिटे अलगद दाबून धरावा. औषध नाकात उतरणे त्यामुळे बरेच कमी होते. दोन वेगळ्या थेंबांत पाच मिनिटांचे अंतर ठेवावे. स्टेरॉइडचा पंप घेतल्यावर चूळ भरावी.

सीमेवरच्या गावांत डोळे एका शहरात दाखवलेले आणि छाती दुसऱ्या शहरात, असे सहज घडते. कोणी जळगावला जातो, कोणी इंदूरला. दोन डॉक्टरांच्या दोन फायली कधी भेटत नाहीत. रुग्ण मात्र एकच असतो. म्हणून नेत्रतज्ज्ञाकडे जाताना पंप आणि छातीच्या डॉक्टरांकडे जाताना थेंबांची बाटली खिशात असू द्यावी. औषध दुकानातही 'मला दमा आहे' हे आधी सांगावे. थेंब घातल्यानंतर धाप लागली, छातीत घरघर सुरू झाली, तर पंप घेऊन लगेच रुग्णालयात जावे आणि कोणते थेंब घातले होते, हे तेथे पोहोचताच सांगावे. उपचार कोणता करायचा, हे त्या एका माहितीवर ठरू शकते.