क्वार्टरमधले ६० ग्रॅम

व्हिस्कीची क्वार्टर १८० मिलीची, बाटलीवर अल्कोहोल ४२.८ टक्के. म्हणजे ७७ मिली अल्कोहोल. ते पाण्यापेक्षा हलकं, म्हणून वजनात साधारण ६० ग्रॅम भरतं.

पॅरिसच्या थिएरी पॉयनार यांच्या गटाने १९९७ मध्ये हिपॅटायटिस सी या लिव्हरच्या विषाणूची लागण झालेल्या २,२३५ रुग्णांच्या बायोप्सी तपासल्या. लिव्हर झपाट्याने निबर होण्यामागे तीन गोष्टी निघाल्या: पुरुष असणं, चाळिशीनंतर लागण होणं आणि रोज ५० ग्रॅम किंवा त्याहून जास्त अल्कोहोल. लागणीपासून सिरोसिसपर्यंतचा, म्हणजे लिव्हर पुरतं निबर होईपर्यंतचा, मध्यक काळ ३० वर्षं. चाळिशीआधी लागण झालेल्या, न पिणाऱ्या बायकांत ४२, तर चाळिशीनंतर लागण झालेल्या पुरुषांत १३. त्या तीनपैकी दारू तेवढी माणसाच्या हातातली, आणि ५० ग्रॅमची ती मर्यादा रोजची एक क्वार्टर ओलांडते.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार (२०१९-२१) महाराष्ट्रातले १३.९ टक्के पुरुष दारू पितात. विषाणूंचा आकडा मात्र दडलेला आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाने २०२२ मध्ये भारतात हिपॅटायटिस बीचे २.९८ कोटी आणि सीचे ५५ लाख रुग्ण होते. निदान झालेले अनुक्रमे २.४ आणि २८ टक्के. विदर्भात सिकलसेल आणि थॅलेसेमियामुळे वारंवार रक्त घ्यावं लागणारी घरं पुष्कळ, आणि हे विषाणू रक्तातूनही पसरतात, त्यामुळे इथे त्यांची तपासणी जास्तच गरजेची.

नागपुरात मेडिकल असो की मेयो, या सरकारी रुग्णालयांत पोटात पाणी झालेला पेशंट आला की नातेवाईक आधीच सांगतात, "पितात हो ते." लिव्हरच्या रिपोर्टमध्ये एसजीओटी हे एन्झाइम एसजीपीटी या दुसऱ्या एन्झाइमच्या दुपटीहून जास्त असलं, तर दारूचा संशय पक्का होतो. घोटाळा इथेच होतो. दारू सापडली म्हणून विषाणू नाही, असं हे प्रमाण सांगत नाही. सिरोसिस झाल्यावर नुसत्या विषाणूनेही एसजीओटी एसजीपीटीच्या वर जातं. म्हणून पिणाऱ्याच्या रक्ताची एचबीएसएजी (बीसाठी) आणि अँटी-एचसीव्ही (सीसाठी) तपासणी झालीच पाहिजे, आणि ती नातेवाइकांनी मागून घ्यावी.

कारण सीवर औषध आहे: बहुतेकांना १२ आठवडे गोळ्या, ९५ टक्क्यांहून जास्त बरे होतात. २०१८ पासून राष्ट्रीय कार्यक्रमात त्या सरकारी केंद्रांवर मोफत मिळतात. दारू सुटली नाही म्हणून हे उपचार अडवायचे नसतात. बी निघाला तर तो गोळ्यांनी आटोक्यात राहतो. त्याची लागण कधी झालीच नसेल, तर लस मोठेपणीही घेता येते.