लाकडी फरशी : वरचा देखावा आणि आतला कस

गृहस्थाने घर बांधावे ते एकदा, आणि त्यात नांदावे ते पुढील दोन पिढ्यांनी, अशी आपल्याकडील पूर्वापार समजूत आहे. त्यामुळे जी वस्तू एकदा बसविली की सहजासहजी उपटता येत नाही, तिची निवड विशेष विचारपूर्वक करणे अगत्याचे ठरते. घराची जमीन ही त्यांपैकी प्रमुख होय. सचिन परिसर २०२० साली सुरत महानगरपालिकेत समाविष्ट झाला. नवी घरे घेणाऱ्या बंधूंच्या बोलण्यात कोटा, संगमरवर व टाइल्स यांच्या जोडीला ‘इंजिनिअर्ड लाकडी फरशी’ हे नाव अलीकडे वारंवार ऐकू येते. आम्ही धान्याचे घाऊक व्यापारी. सुतारकाम हा आमचा विषय नव्हे. तथापि पोत्याच्या तोंडाशी दिसणाऱ्या दाण्यावरून सौदा करू नये आणि ओलीचे भय सदैव बाळगावे, हे दोन धडे आमच्या धंद्याने आम्हास दिले. तेच येथेही लागू पडतात असे आढळून आल्यावरून हे चार शब्द सभासद बंधुभगिनींच्या सेवेस सादर करीत आहोत.

लाकडी जमीन आपल्या प्रांतास नवी नाही. सुरतेच्या जुन्या घरांत आणि महाराष्ट्रातील वाड्यांत वरचे मजले सागाच्या तुळयांवर व फळ्यांवरच उभे होते. डांगच्या अरण्यातील साग तर आपल्या दाराशीच. आपल्या सचिन स्टेशनावरून दक्षिणेस गेले की नवसारीपुढे बिलिमोरा लागते. तेथून वघईपर्यंतची छोटी रेल्वे सयाजीराव गायकवाडांच्या कारकीर्दीत १९१३ साली सुरू झाली, आणि तिने पुष्कळ वर्षे डांगचे लाकूड वाहिले. परंतु तो सुकाळ आता उरला नाही. १९९६ साली सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने जंगलतोडीवर कडक निर्बंध आले. २०१४ साली ब्रह्मदेशाने सागाच्या ओंडक्यांची निर्यात बंद केली. चांगल्या मुरलेल्या जाड सागाची अखंड जमीन आज मध्यम स्थितीच्या गृहस्थास परवडणे कठीण झाले आहे.

येथे या नव्या फरशीचे प्रयोजन येते. तिच्या पट्टीचा वरचा थर खऱ्या लाकडाचा असतो, आणि खाली प्लायवुडसारखे पातळ थर एकमेकांवर आडवे-उभे चिकटविलेले असतात. यामागील तत्त्व सोपे आहे. लाकूड हवेतील ओल शोषते व सोडते; त्यामुळे ते रुंदीत फुगते व आकसते, लांबीत मात्र जवळजवळ बदलत नाही. थर एकमेकांशी काटकोनात बसविले म्हणजे एकाची ओढ दुसरा रोखून धरतो आणि पट्टी सपाट राहते. स्वीडनमधील गुस्ताव्ह केर यांनी अशा बहुस्तरीय फरशीचे पेटंट १९४१ साली मिळविले. त्यांच्या देशात हिवाळ्यातील तापविलेली कोरडी हवा लाकडास छळते, आपल्याकडे आषाढ-श्रावणाची दमट हवा छळते, औषध एकच.

आता पारख कशी करावी ते पाहू.

पहिली गोष्ट वरच्या थराची. दुकानात पट्टीचे तोंड न पाहता तिचे कापलेले टोक पाहावे. हा थर अर्ध्या मिलिमीटरपासून सहा मिलिमीटरपर्यंत कितीही असू शकतो, आणि फरशीचे आयुष्य बव्हंशी त्यावरच ठरते. तीन-चार मिलिमीटरचा थर झिजल्यावर एकदोनदा घासून पुन्हा पॉलिश करता येतो. दोन मिलिमीटरहून पातळ थर घासणे धोक्याचे. लॅमिनेट म्हणून जी फरशी विकली जाते तिच्यावर लाकूड नसून लाकडाचे छापील चित्र असते. चित्रातील गाठ व रेषा दोन-चार पट्ट्यांनंतर हुबेहूब पुन्हा दिसतात. निसर्ग असे करीत नाही. लॅमिनेट आपल्या जागी योग्य असेल, परंतु लाकडाच्या भावाने घेऊ नये.

दुसरी गोष्ट पोटातील मालाची. लाकडाचे तंतू दाबून केलेला गाभा पाण्याने फुगला की पूर्ववत होत नाही. चांगल्या प्लायवुडचा गाभा अधिक तग धरतो. मात्र तोही वाळवीस वर्ज्य नाही, म्हणून त्यावर वाळवीप्रतिबंधक प्रक्रिया झाली आहे काय हे विचारावे. थर जोडणाऱ्या डिंकातून फॉर्मल्डिहाइड नावाचा वायू सुटतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग-संशोधन संस्थेने २००४ साली तो मनुष्यास कर्करोगकारक ठरविला आहे. तो कमी सोडणाऱ्या मालावर ‘ई-१’ किंवा त्याहून कडक अशी ‘ई-०’ खूण असते. ज्या घरात रांगती मुले आहेत तेथे ही खूण पाहिल्यावाचून सौदा करू नये.

तिसरी गोष्ट ओलीची, आणि तीच सर्वांत महत्त्वाची. गव्हात बारा टक्क्यांवर ओल निघाली की सरकारी खरेदीत भाव कापला जातो, हे आपणा धान्यवाल्यांस सांगणे न लगे. लाकडाचेही तसेच. काँक्रीट वरून कोरडे दिसले तरी आतून वाळण्यास महिने लागतात. दीड फूट चौरस प्लॅस्टिकचा कागद जमिनीवर चारी बाजूंनी चिकटवून एक दिवस ठेवावा. खाली थेंब जमले अथवा काँक्रीट काळसर झाले, तर थांबावे. आमच्या एका व्याह्यांनी वैशाखातील लग्नाची घाई म्हणून ओल्या स्लॅबवर फरशी बसवून घेतली. कारागिराने भिंतीलगत मोकळी जागाही सोडली नाही. श्रावणात दिवाणखान्याची जमीन मधोमध उंच उठली, आणि नव्या सुनेच्या पहिल्या सणाला पाहुण्यांस आतल्या खोलीत बसवावे लागले. भिंतीलगत सुमारे दहा मिलिमीटर जागा सोडली असती, ती स्कर्टिंगखाली झाकली असती, तर लाकडास फुगण्यास वाव मिळाला असता. पट्ट्या बसविण्यापूर्वी दोन-तीन दिवस त्याच खोलीत ठेवाव्यात. आमच्या मते दिवाळीनंतरचे कोरडे दिवस या कामास उत्तम.

लाकडाच्या जातीविषयी थोडक्यात एवढेच, की ओक कठीण व बहुगुणी, साग स्थिर व आपल्या हवेस मानवणारा. अक्रोड देखणा खरा, पण ओकापेक्षा मऊ असल्याने त्यावर ओरखडे लवकर उठतात. अतिशय काळ्या व चकचकीत पॉलिशवर आपल्याकडील धूळ चटकन दिसते. फिकट, मंद झळाळीचे पॉलिश संसारास सोयीचे.

कोठे बसवू नये हेही सांगितले पाहिजे. स्वयंपाकघर, न्हाणीघर आणि तळमजला ही स्थळे टाळावीत. ऑगस्ट २००६ मधील तापीचा पूर सुरतकर विसरलेले नाहीत. त्या पाण्यापुढे कोणतीही लाकडी फरशी टिकली नसती. वरच्या मजल्यावरील शयनगृह अथवा बैठक ही तिची खरी जागा. रोज बादलीभर पाण्याने फरशी पुसण्याची सवय मात्र सोडावी लागेल. पिळून घेतलेले फडके पुरे. घरात पादत्राणे न घालण्याची आपली रीत या फरशीस फार मानवते.

शेवटी एक विचार. जाड फळीच्या लाकडात अशा तीन-चार पट्ट्यांचे वरचे थर निघतात, म्हणजे तेवढ्याच जमिनीसाठी उत्तम वृक्ष कमी तुटतात. वनस्पतीतही जीव मानणाऱ्या आपल्या समाजास ही गोष्ट लहान वाटू नये. तसेच जमीन आरंभीच कोरडी राखली, तर पुढे वाळवी मारण्याची विषे घरात आणण्याची वेळ सहसा येत नाही.

सारांश, वरच्या थराची जाडी, गाभ्याचा प्रकार आणि डिंकाची खूण या तीन बाबी विक्रेत्याकडून बिलावर लिहून घ्याव्यात. जो व्यापारी हे लिहून देण्यास कचरतो, त्याच्याकडून पाच रुपये स्वस्तही घेऊ नये. पोत्याचे तोंड सारेच सजवितात. तळाशी हात घालून पाहू देणारा विक्रेता खरा, आणि तसे पाहणारा ग्राहक शहाणा.