गोरिलाने गवतावर पाय ठेवला

मुलांना घेऊन आम्ही प्राणिसंग्रहालयात जातो आणि कोंदट पिंजरे पाहून ‘हे असेच चालायचे’ म्हणत परततो. पण अमेरिकेतील अटलांटा शहराचे उदाहरण पाहा. १९८४ साली तेथील प्राणिसंग्रहालयाची गणना देशातील सर्वांत वाईटांत झाली. विली बी नावाचा गोरिला १९६१ पासून बंद खोलीतील पिंजऱ्यात एकटा होता. सोबतीला टायरचा झोपाळा आणि टीव्ही. नागरिक खवळले. १९८५ मध्ये कारभार स्वतंत्र संस्थेकडे गेला, टेरी मेपल संचालक झाले. १९८८ साली, २७ वर्षांनंतर विली मोकळ्या आवारात आला. १९९४ मध्ये बाप झाला. नुसती रंगरंगोटी म्हणजे सुधारणा नव्हे. प्राण्याला मोकळी जागा व सोबत हवी. वाचकहो, पुढच्या खेपेस गप्प परतू नका, लेखी तक्रार द्या.