दुसऱ्या संसारात पहिल्याची जागा

शिरोळ तालुक्यातील हेरवाडच्या ग्रामसभेने ४ मे २०२२ रोजी विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला. नवरा गेल्यावर बाईचे कुंकू पुसणे, बांगड्या फोडणे, मंगळसूत्र तोडणे, पायातली जोडवी काढून घेणे हे गावात यापुढे होणार नाही, असे ठरले. मागे करोनाची दोन वर्षे होती. कर्ते तरुण दगावले आणि ऐन उमेदीतल्या बायकांच्या वाट्याला हे विधी आले. करमाळ्याचे प्रमोद झिंजाडे यांनी या प्रश्नावर चालवलेल्या मोहिमेला सरपंच सुरगोंडा पाटील यांच्या हेरवाडने साथ दिली. त्याच महिन्यात राज्य सरकारने परिपत्रक काढून इतर ग्रामपंचायतींनाही हाच कित्ता गिरवायला सांगितले. ठराव झाला तो आठवडा राजर्षी शाहू महाराजांच्या स्मृतिशताब्दीचाच होता.

दहावा, तेरावा, वर्षश्राद्ध अशी घराच्या शोकाला मुदत असते. बाईच्या अंगावर उतरवलेल्या शोकाला मात्र मुदतच नव्हती. पांढरे कपाळ जन्मभराचे. पुरुषाची गोष्ट वेगळी. दुसऱ्यांदा बोहल्यावर चढणाऱ्याला ‘बिजवर’ म्हणत आणि त्या शब्दाला डाग नव्हता. अनेक जातींत विधवेलाही दुसरा घरोबा करता येई, पण त्याला लग्न म्हणत नसत. तो ‘पाट’ किंवा ‘म्होतूर’. पाट बहुधा रात्री लागे, सुवासिनी त्यापासून दूर राहत, आणि ‘पाटाची बायको’ हे शब्द तिला पुढे कायम ऐकावे लागत. ज्या जातींत पाटही नव्हता, तिथे केशवपनापर्यंत मजल जाई. म्हणजे नवे नाते जिथे मिळे, तिथेही ते तोंड लपवून मिळे. शोकाइतकीच ही शरमही लादलेली होती.

१८५६ च्या कायद्याने हिंदू विधवेचा विवाह वैध ठरवला. पण त्याच कायद्याने तिच्याकडून एक जबर किंमत घेतली: पुनर्विवाह करताच पहिल्या नवऱ्याच्या मालमत्तेवरचा तिचा हक्क, जणू ती त्या क्षणी मरण पावली असे मानून, संपत असे. नवे आयुष्य हवे असेल तर जुन्यात मरायचे, हा त्याचा सरळ अर्थ. पुढच्याच वर्षी आलेल्या, मराठीतली पहिली मानल्या जाणाऱ्या बाबा पदमनजी यांच्या ‘यमुनापर्यटन’ या कादंबरीचा विषयही विधवांचे हाल हाच आहे, आणि तिची नायिका स्वतः विधवा होऊन पुनर्विवाह करते.

कोल्हापूर संस्थानात शाहू महाराजांनी १९१७ मध्ये पुनर्विवाहाला कायदेशीर मान्यता देऊन त्याच्या नोंदणीची सोय केली. रात्रीच्या पाटाला दिवसाउजेडीची नोंदवही मिळाली. पुढच्याच वर्षी, जून १९१८ मध्ये, धाकटे राजपुत्र शिवाजी शिकारीतल्या अपघातात गेले. त्यांच्या पत्नी इंदुमतीदेवी तेव्हा पुऱ्या बारा वर्षांच्याही नव्हत्या. महाराजांनी सुनेला पडद्याआड बसवले नाही. सोनतळीला तिच्या शिक्षणाची व्यवस्था केली आणि सोबतीला वेगवेगळ्या जातींच्या मुली ठेवल्या. राजवाड्यातला विरोध त्यांनी मानला नाही. पुत्रशोकात असलेल्या सासऱ्याने हे करावे, याचे मोल कायद्याहून कमी नाही.

शोक आणि नवे नाते एका मनात कसे नांदतात, याचा उलगडा अलीकडच्या अभ्यासाने बराच केला आहे. शोक पायरीपायरीने उतरून संपतो, ही समजूत लोकांत घट्ट आहे. ती एलिझाबेथ क्युब्लर-रॉस यांच्या १९६९ च्या पुस्तकातून पसरली, पण ते पुस्तक मुळात मरणपंथाला लागलेल्या रुग्णांविषयीचे होते. १९९९ मध्ये मार्गारेट स्ट्रोबे आणि हेंक शुट यांनी वेगळे चित्र मांडले. जोडीदार गमावलेले माणूस कधी गेलेल्याकडे ओढले जाते, कधी पुढच्या कामांकडे: पैसा, मुले, नवी ओळख. हे हेलकावे म्हणजेच सावरणे. त्याआधी १९९६ मध्ये डेनिस क्लास आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवले होते की गेलेल्या माणसाशी नाते तुटत नाही, त्याचे रूप बदलते. पंचविशीतली विधवा नव्या माणसाबरोबर मनापासून हसते आणि रात्री पहिल्यासाठी रडते, तेव्हा ती दोघांपैकी कुणालाच फसवत नसते. ‘इतक्यात विसरली?’ हा प्रश्नच चुकीच्या गृहीतकावर उभा आहे. शोक महिनोन्‌महिने तसाच तीव्र राहून रोजचे जगणे अडवू लागला, तर मात्र वैद्यकीय मदत घ्यावी लागते.

कायदाही आता शोकाच्या या नव्या आकलनाच्या जवळ आला आहे. १९५६ च्या हिंदू उत्तराधिकार कायद्याने नवऱ्याकडून आलेला वाटा विधवेच्या पूर्ण मालकीचा केला. नंतर लग्न केले म्हणून तो परत जात नाही. पुनर्विवाहित विधवा सुनेला सासऱ्याच्या वारशातून वगळणारे कलम २००५ मध्ये गेले. पहिल्या लग्नाच्या मुलांचा बापाच्या मिळकतीवरचा हक्क आईच्या दुसऱ्या लग्नाने ढळत नाही. हेरवाडचा ठराव मात्र कायदा नव्हे. तो मोडणाऱ्याला शिक्षा नाही. बांगड्यांना हात घालायला निघालेल्या बाईला भावकीतल्याच कुणीतरी थांबवावे लागते. घरातले बाकीचे प्रश्न तर ठरावाच्याही पलीकडचे: पहिल्या नवऱ्याचा फोटो नव्या घरात कुठे लावायचा, त्याच्या तिथीला मुलांना आजीकडे कुणी न्यायचे. काही घरांत दुसरा नवराच त्यांना घेऊन जातो.