पासोडीचे छायाचित्रण आणि कच्च्या प्रतिमांचे रूपांतर

बीड जिल्ह्यातील अंबाजोगाई येथील दासोपंतांची पासोडी मराठी वाङ्मयाच्या अभ्यासकांस सुपरिचित आहे. दासोपंतांनी (१५५१–१६१५) सुमारे ४० फूट लांब व ४ फूट रुंद अशा कापडावर पंचीकरणाचा विषय लिहून ठेवला. चार शतकांपूर्वीचे कापड आणि त्यावरील शाई ही दोन्ही झिजणारीच. अशा साधनाचे छायाचित्र घेतल्यावर कॅमेऱ्यातील कच्च्या फाइलीचे रूपांतर कसे करावे, हा प्रश्न केवळ तांत्रिक राहत नाही. तो पाठचिकित्सेचा होतो. प्रस्तुत लेखात त्याचाच विचार करावयाचा आहे.

कॅमेऱ्याच्या संवेदकावरील प्रत्येक बिंदू प्रकाशाची तीव्रता तेवढी मोजतो. रंग त्यास कळत नाही. म्हणून बिंदूंवर रंगीत गाळण्या बसवितात. कोडॅक कंपनीतील ब्राइस बेयर यांच्या रचनेस १९७६ मध्ये पेटंट मिळाले. बहुतेक कॅमेऱ्यांत तीच रचना आढळते. तीत निम्मे बिंदू हिरव्या प्रकाशाचे, तर तांबड्या व निळ्या प्रकाशाचे प्रत्येकी एक चतुर्थांश असतात. कच्ची फाइल ही या मोजमापांची नोंदवही होय. तिचे चित्र करताना प्रत्येक बिंदूपाशी न मोजलेले दोन रंग शेजारच्या बिंदूंवरून अनुमानाने भरावे लागतात, पांढरा रंग कोणता हे ठरवावे लागते आणि उजेड-अंधाराची मांडणी करावी लागते. हस्तलिखितावरून संहिता सिद्ध करणारा संपादक जसा पदोपदी निर्णय घेतो, तसेच हे निर्णय होत.

आता हानीचा विचार करू. १४ बिटांच्या कच्च्या फाइलीत तीव्रतेच्या १६,३८४ पायऱ्या असतात. नेहमीच्या जेपेग प्रतिमेत प्रत्येक रंगास २५६. शिवाय जेपेग पद्धतीत चित्राचे ८ × ८ बिंदूंचे चौकोन पाडून, सामान्यतः नजरेस न जाणवणारे सूक्ष्म भेद गाळले जातात. मळलेले कापड व फिकी शाई यांतील भेद नेमका असाच सूक्ष्म असतो. तो एकदा गळाला की प्रतिमा कितीही उजळली तरी परत मिळत नाही. टिफ प्रतिमेत प्रत्येक रंगास १६ बिट देता येतात व काहीही न गाळता ती साठविता येते. तथापि रंगांचे अनुमान तीत कायमचे मुरलेले असते. म्हणून तीही मूळ नोंदीची जागा घेऊ शकत नाही.

विस्ताराची अडचणही लक्षात घ्यावी. इंचास ३०० बिंदू या प्रमाणाने संपूर्ण पासोडीची प्रतिमा १,४४,००० × १४,४०० म्हणजे सुमारे २०७ कोटी बिंदूंची होईल. ६,००० × ४,००० बिंदूंच्या कॅमेऱ्याने, कडा परस्परांवर न चढविताही, ९६ छायाचित्रे घ्यावी लागतील. जोडणीसाठी कडा चढविल्यास ती संख्या वाढेल. जोडलेली १६ बिटांची प्रतिमा सुमारे १२ गिगाबाइट भरेल. साध्या टिफ फाइलीची मर्यादा ४ गिगाबाइट, आणि जेपेगमध्ये एका बाजूस ६५,५३५ बिंदूंहून अधिक मावत नाहीत. म्हणजे अखंड पासोडी या दोहोंपैकी एकाही साध्या प्रकारात बसत नाही. खंडशः प्रतिमाच ठेवाव्या लागतील.

यावरून कार्यपद्धती निश्चित होते. मूळ कच्ची फाइल अबाधित ठेवावी. कंपनीगणिक तिचा प्रकार निराळा असल्याने, अडोबी कंपनीने २००४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या डीएनजी या खुल्या प्रकारातही तिची एक प्रत करावी. अभ्यासासाठी टिफ व प्रसारासाठी जेपेग वापरावे. छायाचित्रात रंगपट्टी ठेवावी आणि रूपांतराची आज्ञावली, तिची आवृत्ती व निवडलेली मूल्ये लिहून ठेवावीत. कडा ठळक करणाऱ्या व दाणेदारपणा घालविणाऱ्या स्वयंचलित प्रक्रिया टाळाव्यात. कारण त्या अनुस्वाराचे टिंब पुसू शकतात किंवा कापडावरील डागास टिंबाचे रूप देऊ शकतात.

उद्या एखाद्या ओवीतील अक्षराविषयी मतभेद झाला आणि तोवर कापडावरील ते अक्षर नष्ट झालेले असले, तर निवाड्यास ही मोजमापेच उरतील. ती जपली नसतील तर पुढील पिढी पासोडी वाचणार नाही. रूपांतरकाराने लावलेला तिचा अर्थ तेवढा वाचील.